पडद्यावरील न्यायालय आणि इतिहासाचा पुरावा

चित्रपट वा दूरचित्रवाणीवरील नाट्य पाहताना त्यातील चुका हुडकून काढणे हा एक निरुपद्रवी विरंगुळा समजला जातो. साक्षीदारासमोरचा पाण्याचा पेला क्षणापूर्वी भरलेला होता, तो आता रिकामा कसा झाला? वकिलाने प्रश्न विचारला तेव्हा भिंतीवरील घड्याळात तीन वाजले होते. मग उत्तर येईतो अडीच कसे वाजले? चाणाक्ष प्रेक्षक असे प्रश्न विचारतो आणि आपल्या नजरेवर खूष होतो. इतिहासाच्या अभ्यासकाने या विरंगुळ्याची दखल घ्यावी काय, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, या चुकांचे नीट वर्गीकरण केले असता साधनांच्या चिकित्सेस त्यांचा चांगला उपयोग होतो. तथापि डोळ्यांना चटकन दिसणारी चूक बहुधा किरकोळ असते. गंभीर चूक डोळ्यांना दिसत नाही, ती कागदपत्रांशी ताडून पाहिल्यावरच उघडकीस येते. याचे उदाहरण म्हणून मुंबईत १९५९ साली चाललेला नानावटी खटला आणि त्याची पडद्यावरील रूपे येथे विचारासाठी घेतली आहेत.

प्रथम वर्गीकरण. न्यायालयीन नाट्यात आढळणारे प्रमाद स्थूलमानाने चार प्रकारचे असतात. एका दृश्यातील वस्तू, वेष वा काळ पुढील दृश्याशी न जुळणे, हा सातत्यभंग. ज्या काळाची कथा त्या काळी अस्तित्वात नसलेली वस्तू दाखविणे, हा कालविपर्यास. न्यायालयाच्या कामकाजात जे घडत नाही ते घडते असे दाखविणे, हा प्रक्रियाविपर्यास. आणि घटनांचा कार्यकारणसंबंध चुकीचा लावणे, हा अन्वयदोष. पहिल्यापासून चौथ्याकडे जावे तसतशी चूक शोधणे कठीण होत जाते आणि तिचा परिणाम मात्र वाढत जातो.

सातत्यभंग हा चित्रीकरणाच्या पद्धतीतून जन्मतो. न्यायालयाचा प्रसंग पडद्यावर सलग दहा मिनिटे दिसत असला तरी तो तसा सलग चित्रित होत नाही. न्यायाधीशाची सर्व वाक्ये एका दिवशी, साक्षीदाराची दुसऱ्या दिवशी, प्रेक्षकांच्या बाकांवरील चलबिचल तिसऱ्या दिवशी, अशी टिपून मग संकलनात ती जोडली जातात. दालन तेच, वेष तेच, माणसे तीच. त्यामुळे दोन तुकड्यांमधील फरक झाकण्यास आडोसा मिळत नाही. सातत्याच्या नोंदी ठेवणारा सहायक कितीही दक्ष असला तरी पेला, घड्याळ व कागदांचा गठ्ठा यांपैकी काहीतरी निसटतेच. जुन्या दूरचित्रवाणीची अडचण निराळी होती. रेजिनाल्ड रोज यांचे ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हे नाट्य अमेरिकेत २० सप्टेंबर १९५४ रोजी दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपित झाले. अशा प्रयोगात काळ सलग असल्यामुळे घड्याळ मागे जात नाही; पण नटाची अडखळलेली जीभही परत घेता येत नाही. एकाच नाट्यप्रकारात निर्मितीची पद्धत बदलली की चुकांची जात बदलते. म्हणजेच चूक ही निर्मितीच्या पद्धतीची साक्ष देते. नकलकाराच्या डुलक्यांवरून हस्तलिखित कसे तयार झाले याचा तर्क करणाऱ्या संशोधकास हे तत्त्व अपरिचित नाही.

पाठचिकित्सेचे आणखी एक तत्त्व येथे लागू पडते. दोन पोथ्यांत समान असलेले शुद्ध पाठ त्यांचे नाते सिद्ध करीत नाहीत; समान अशुद्धे मात्र ते सिद्ध करतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तिचे काम १९६६ साली पूर्ण झाले. पोथ्यांची कुळे पाडण्याची जी शिस्त त्या कार्यामागे होती, तीच पडद्यावरील न्यायालयास लावून पाहावी. आपल्या चित्रपटांतील न्यायाधीश लाकडी हातोडी आपटून ‘ऑर्डर, ऑर्डर’ म्हणतो. भारतीय न्यायालयांत अशा हातोडीची रीत नाही आणि ज्या इंग्लंडकडून आपण न्यायव्यवस्थेचा साचा घेतला तेथील न्यायाधीशही ती वापरीत नाहीत. ती अमेरिकेत वापरली जाते. तेव्हा शेकडो चित्रपटांत आढळणारी ही समान चूक एक गोष्ट निःसंशय दाखविते: आपल्या पडद्यावरील न्यायालयाचा पूर्वज फोर्टातील उच्च न्यायालय नसून परदेशी चित्रपट होय.

साक्षीदाराने गीतेवर हात ठेवून शपथ घेण्याचे दृश्यही याच पंक्तीतले. कंपनी सरकारच्या आरंभीच्या काळात हिंदू साक्षीदारास गंगाजलाची व मुसलमान साक्षीदारास कुराणाची शपथ देण्याची चाल होती. १८४० च्या कायद्याने तिच्या जागी प्रतिज्ञेवर कथन करण्याची तरतूद आली. पुढे १८७३ चा आणि आज लागू असलेला १९६९ चा शपथविषयक कायदा झाला. त्यांत ग्रंथावर हात ठेवण्याची सक्ती नाही. पडद्याने मात्र एक मावळलेली चाल जिवंत ठेवली. हातोडी उसनी आहे, तर शपथेचे दृश्य हा एका जुन्या व्यवहाराचा विपर्यस्त अवशेष आहे. दोन्हींना सरसकट ‘चूक’ म्हणून निकालात काढले तर हा भेद हातचा जातो.

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. २७ एप्रिल १९५९ रोजी भारतीय नौदलातील कमांडर कावस माणेकशा नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजा यांच्यावर त्यांच्या निवासस्थानी गोळ्या झाडल्या. पत्नी सिल्विया हिने आहुजा यांच्याशी असलेल्या संबंधांची कबुली त्याच दिवशी दिली होती. नानावटी यांनी पत्नी व मुलांना चित्रपटगृहाशी सोडले, नौकेवर जाऊन खोटे निमित्त सांगून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली, आहुजा यांच्या कचेरीत चौकशी केली आणि तेथून ते त्यांच्या घरी गेले. घटनेनंतर ते स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांच्यासमोर नऊ ज्युरींच्या साहाय्याने खटला चालला. आठ विरुद्ध एक अशा मतांनी ज्युरींनी नानावटी यांना निर्दोष ठरविले. न्यायाधीशांना हा निर्णय मान्य झाला नाही. त्यांनी १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ अन्वये प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी त्यांना खुनाबद्दल दोषी धरून जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिल्यावर त्यांची सुटका झाली.

या खटल्याचे पडसाद पडद्यावर वारंवार उमटले. ‘ये रास्ते हैं प्यार के’ हा सुनील दत्त यांचा चित्रपट १९६३ साली, म्हणजे माफीपूर्वीच, आला. गुलजार यांचा ‘अचानक’ १९७३ मध्ये, ‘रुस्तम’ २०१६ मध्ये आणि ‘द व्हर्डिक्ट’ ही मालिका २०१९ मध्ये आली. यांपैकी ‘रुस्तम’मधील चुकांची चर्चा सर्वाधिक झाली. कथा १९५९ ची. पण नायकाच्या गणवेशावर १९९९ च्या कारगिल संघर्षाशी निगडित पदकफीत आणि १९७० च्या दशकात रूढ झालेली नामपट्टी दिसते, हे नौदलाचे गणवेश जाणणाऱ्यांनी तत्काळ दाखवून दिले. कालविपर्यासाचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही. वृत्तपत्रांनी त्यावर रकाने भरले आणि प्रेक्षकांनी मनमुराद थट्टा केली.

या थट्टेत एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. चित्रपटात नायक आपला खटला स्वतः चालवितो. प्रत्यक्षात नानावटी यांचा बचाव कार्ल खंडालावाला यांनी केला. चित्रपटात नायकाच्या कृत्यामागे संरक्षण खरेदीतील भ्रष्टाचार उघड करण्याचा देशहिताचा हेतू जोडला आहे. खटल्याच्या निकालपत्रांत तसे काही नाही. आणि चित्रपट संपतो तो ज्युरींच्या ‘निर्दोष’ या शब्दावर. म्हणजे १९५९ च्या ऑक्टोबरात जो खटल्याचा केवळ पहिला टप्पा होता, तो येथे शेवट ठरला. पुढील दोन वर्षे, उच्च न्यायालयाचा निर्णय, सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आणि माफी या साऱ्यावर पडदा पडला. कलावंतास कथा बदलण्याची मोकळीक आहे, हे मान्य. परंतु छातीवरील पदकाची चूक शंभरांना दिसते आणि निकालच उलटा झाल्याचे दहांनाही खटकत नाही, हे मात्र अभ्यासकास अस्वस्थ करणारे आहे.

गमतीची बाब अशी की, प्रत्यक्ष खटल्याचे भवितव्यही एका अर्थी सातत्याच्याच प्रश्नावर ठरले. बचावाचे म्हणणे असे होते की, दोघांत झटापट झाली आणि तीत रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या सुटल्या. आहुजा नुकतेच स्नान करून आले होते आणि त्यांच्या अंगावर केवळ टॉवेल होता. झटापट झाली असती तर तो सुटून पडला असता. परंतु मृतदेहावर तो जागच्या जागी होता. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात या गोष्टीचा विचार झाला आहे. पेला भरलेला कसा, असे विचारणारा प्रेक्षक आणि टॉवेल जागेवर कसा, असे विचारणारा सरकारी वकील यांची रीत एकच. मात्र वकिलाच्या प्रश्नास तेवढ्याने वजन आले नाही. रिव्हॉल्व्हर मिळविण्यासाठी सांगितलेले निमित्त, कचेरीतील चौकशी, घटनेनंतरचे वर्तन अशा अनेक गोष्टींच्या जोडीने ते आले. सुटी विसंगती कुतूहल जागे करते. साखळीत बसलेली विसंगतीच पुरावा होते.

खुद्द न्यायासनाकडूनही एक चूक झाली होती. ज्युरीपद्धतीत न्यायाधीशाने पुराव्याचा गोषवारा आणि कायद्याचा अर्थ ज्युरींना समजावून द्यावयाचा असतो. अपघाताचा बचाव घेतल्यास तो सिद्ध करण्याचा भार कोणावर, हे सत्र न्यायाधीशांनी ज्युरींना नीट समजावून दिले नाही, असे वरिष्ठ न्यायालयांनी ठरविले. म्हणजे ज्युरी केवळ लोकभावनेने वाहवले हे लोकप्रिय स्पष्टीकरण अपुरे आहे. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींच्या बाजूने उठविलेले रान खरे. तथापि निकालपत्रांत मार्गदर्शनातील दोषाचा विचार विस्ताराने आहे. पडद्यास वृत्तपत्र सोयीचे वाटते, कारण ते दाखविता येते. पुराव्याच्या कायद्याचे कलम १०५ दाखविता येत नाही.

येथून आपण चौथ्या प्रकाराकडे, अन्वयदोषाकडे येतो. नानावटी खटला हा भारतातील शेवटचा ज्युरी खटला होता आणि त्याच्यामुळेच ज्युरीपद्धती रद्द झाली, हे विधान आज इतके रूढ आहे की, ते शोधनिबंधांतही आधाराविना येते. ते टिकत नाही. ज्युरीपद्धती रद्द करावी अशी शिफारस विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात केली, तो १९५८ चा. आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या १९५९ च्या एप्रिलात. कार्य कारणाच्या आधी घडले असे मानल्याशिवाय हे विधान स्वीकारता येणार नाही. दुसरे असे की, १८९८ च्या संहितेखाली ज्युरी सर्वत्र नव्हतीच; कोणत्या जिल्ह्यात व कोणत्या अपराधांसाठी ती असावी हे प्रांतिक सरकार, आणि पुढे राज्य सरकार, आदेशाने ठरवीत असे. तिसरे, पश्चिम बंगालमध्ये नानावटी खटल्यानंतरही अनेक वर्षे ज्युरी खटले चालू होते. १९७३ ची नवी संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली आणि तीत ज्युरीस स्थान उरले नाही. पारशी विवाहविषयक न्यायालयांत प्रतिनिधींच्या साहाय्याने निर्णय देण्याची तरतूद तर १९३६ च्या कायद्यान्वये टिकून राहिली. या खटल्याने ज्युरीविरोधी मतास बळ दिले असेल. पण बळ देणे निराळे आणि जन्म देणे निराळे.

हा दोष का रुजला? कारण एका खटल्याने एक संस्था बुडाली, ही कथा सुटसुटीत आहे. महाराष्ट्रातील वाचकास तरी ज्युरीचा इतिहास एवढा सुटसुटीत वाटू नये. लोकमान्य टिळकांना १८९७ साली सहा विरुद्ध तीन आणि १९०८ साली सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरविणारी ज्युरीच होती आणि दोन्ही वेळी बहुमत युरोपियनांचे होते. १८९७ मध्ये न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी राजद्रोहाच्या कलमाचा अर्थ ज्युरींना ज्या रीतीने समजावला त्यावर देशभर टीका झाली. न्यायासनाचे मार्गदर्शन आणि ज्युरींची घडण यांविषयीचे प्रश्न नानावटी खटल्याच्या साठ वर्षे आधीपासून आपल्यासमोर उभे होते. बासू चटर्जी यांचा ‘एक रुका हुआ फैसला’ १९८६ साली आला. तो ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’चे हिंदी रूप; त्यात हिंदुस्थानी ज्युरी एका खोलीत बसून वाद घालतात, जेव्हा संहितेतून ज्युरी जाऊन बारा वर्षे लोटली होती. तो चित्रपट रसिकांना आजही प्रिय आहे आणि अभिनयाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु एकीकडे ज्युरी १९५९ सालीच संपली असे मानणारा आणि दुसरीकडे १९८६ साली ती बसलेली पाहून न दचकणारा प्रेक्षक एकच असू शकतो. दोन परस्परविरोधी चुका एकाच मनात सुखाने नांदतात, कारण दोन्ही कागदाशी ताडून पाहिलेल्या नसतात.

प्रत्येक विसंगती हा प्रमादच असतो असे मात्र समजू नये. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ च्या नाटकात फिर्यादी पक्षाचा आणि आरोपीचा वकील एकच, सुखात्मे, असतो. न्यायाधीश झालेले काशीकर आसन सोडून साक्ष देण्यास उभे राहतात. कायद्याच्या दृष्टीने हे अक्षम्य. पण हे अभिरूप न्यायालय आहे आणि नियमभंगातूनच समाज बेणारे बाईंवर चालवीत असलेल्या खटल्याचे स्वरूप प्रकट होते. तेथे चुका काढणाऱ्याने नाटक पाहिलेच नाही असे म्हणावे लागेल. याउलट चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या २०१४ च्या चित्रपटात हातोडी नाही, गर्जना नाहीत; न्यायाधीश साक्षीदाराचे म्हणणे आपल्या शब्दांत लेखनिकास सांगतात आणि तारीख पुढे जाते. साक्ष आणि तिची नोंद यांत पडणारे अंतर ज्याने त्या दृश्यात हेरले, तो दप्तरातील जबानी वाचताना ती साक्षीदाराचीच भाषा आहे असे सहसा गृहीत धरणार नाही.

मराठवाड्यातील अभ्यासकास या विवेचनाचे महत्त्व अधिक आहे. १९४८ पूर्वी हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. येथील न्यायालयांची भाषा उर्दू होती आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप लागू नव्हते. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उच्च न्यायालयाचे न्यायाधीश बसू लागले. नानावटी खटल्याच्या कागदांतही या स्थित्यंतराची खूण आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या १९६० च्या निर्णयात प्रतिपक्ष मुंबई राज्य आहे, १९६१ च्या निर्णयात महाराष्ट्र राज्य. खटला चालू असतानाच राज्याचे नाव बदलले. उद्या कोणी निजामकालीन औरंगाबादेतील खटल्यावर नाटक वा मालिका लिहिली आणि तीत मुंबईच्या धर्तीचे इंग्रजी न्यायालय उभे केले, तर नायकाच्या अंगरख्याची कळी चुकल्याचे आपणांस लगेच दिसेल. न्यायाची भाषाच चुकली आहे, हे सांगण्यास जुने दप्तर वाचू शकणारे किती जण उरलेले असतील? त्या उर्दू दप्तरांचे वाचक दिवसेंदिवस कमी होत आहेत आणि ती जागा पडद्यावरील प्रतिमा घेत आहे.

तेव्हा चुका शोधण्याचा छंद विद्यार्थ्यांनी सोडावा असे आमचे म्हणणे नाही. तो पुढे न्यावा, एवढेच सुचवावयाचे आहे. घड्याळाचा काटा मागे गेलेला दिसला की चित्रीकरण कसे झाले ते विचारावे. हातोडी दिसली की ती कोठून आली ते विचारावे. आणि जेथे काहीच खटकत नाही, कथा सरळ, गोड व पूर्ण वाटते, तेथे निकालपत्र उघडून तारखा पाहाव्यात. १९५८ हे साल १९५९ च्या आधी येते, एवढी साधी गोष्ट ध्यानात न आल्यामुळे एक भ्रम आपल्या पुस्तकांतून अर्धशतकाहून अधिक काळ फिरत राहिला आहे.